सायंकाळपर्यंत उभे राहिलेले मजूर

(शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६)



आपल्या प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो. पुढे दिवसातून आणखी तीन वेळा जातो. आणि दिवस मावळावयास एकच तास उरला असता पाचव्याने जातो, तेव्हाही काही माणसे तेथे उभी असलेली त्यास आढळतात. ह्या दाखल्यावरून देवाच्या कृपेविषयी बोध करण्याची वहिवाट आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ह्या वेळी आपण त्या शेवटच्या माणसांकडे थोडे निरखून पाहू. तुम्ही रिकामे का, असे धनी त्यांस विचारतो. आणि आपणांस कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते त्यास सांगतात. धन्याने हे उत्तर खोटे मानिले नाही. ती माणसे आळशी असती तर घरी निजून राहिली असती. ती तर दिवसभर बाजारात ताटकळत होती. काम न करणे आणि काम न मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे आपल्या मंडळ्यांनी प्रथम मनात ठसवून घेतले पाहिजे.

डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांत असा बाजार रोज भरतो. भाताची झोडणी आटोपली की पाडे ओस पडू लागतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी मिठागरावर, कोणी मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून. कोणी पहाटेच्या लोकलने बोईसरकडे, तर कोणी हद्द ओलांडून उंबरगाव, भिलाड व वापीकडे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला व तेथे कारखान्यांवर मर्यादा आली. चिकूच्या वाड्यांस व किनाऱ्यास त्यामुळे आधार मिळाला. पण ज्यास कारखान्यातील काम पाहिजे त्यास बाहेरच पडावे लागते. २०२४ साली वाढवण बंदरास मंजुरी मिळाली. त्याविषयी कोळी बांधवांस आपल्या धंद्याची धास्ती वाटते, तर पुष्कळ तरुणांस नोकरीची आशा. आशा कशाचीही असो, कामाच्या दारापर्यंत जाणाऱ्या वाटेवर ज्या धोंडी पडल्या आहेत, त्या ओळखल्यावाचून बाजूला सारता येणार नाहीत.

पहिली धोंड उचलीची. आपल्या वडीलधाऱ्यांस लग्नगडी हा शब्द ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली बांधव जमले व ह्यापुढे वेठ करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्या चळवळीचे पुढारी होते. १९७६ साली देशाने कायद्यानेच वेठबिगारी रद्द केली. तरी आजही लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा सणासाठी उचल घेतली की हंगाम सुरू होण्यापूर्वीच माणसाचे पाय बांधले जातात. मग दुसरे बरे काम समोर आले तरी त्यास ते घेता येत नाही. सबब आपण लग्ने साधी करावी. ज्या मंडळीत मांडवाच्या थाटावरून घराची प्रतिष्ठा मोजिली जाते, ती मंडळी आपल्याच मुलांस मुकादमाच्या वहीत लिहून देते. बचत गटात दर आठवड्यास थोडी शिल्लक टाकणे हेही सुटकेचेच काम आहे.

दुसरी धोंड कागदांची. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे व बँकेच्या पुस्तकात तिसरे, असे कितीतरी घरी आहे. जन्मतारीख मास्तरांनी अदमासाने घातलेली असते. आईबापांबरोबर भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा मध्येच सुटते, व दाखला आणावयाचा राहून जातो. जातीचा दाखला असला तरी राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी वाडवडिलांचे जुने पुरावे शोधावे लागतात. हे सर्व जाहिरात निघाल्यावर करू म्हणणाऱ्यास अर्जाची मुदत चुकते. पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारून घेतो. त्याचप्रमाणे कागदही वेळेपूर्वी नीट करून ठेवावे. ज्यास गावातच काम हवे त्याने ते तोंडी न मागता लेखी मागावे व तारखेची पोच घ्यावी. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला; परंतु मागणीचा कागद नसेल तर हक्क सिद्ध कसा करणार?

तिसरी धोंड भीतीची. आपला तरुण कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो आणि पहारेकऱ्याने दोन शब्द जोराने विचारिले की माघारी फिरतो. वापीकडे फलक गुजरातीत असतो, अर्ज इंग्रजीत असतो, आणि आपली वारली किंवा कातकरी बोली ऐकून कोणी हसेल अशी लाज वाटते. येथे मवाबी रूथेचे स्मरण करा. ती परक्या देशची, विधवा व निर्धन होती. तरी सरवा वेचावयास ती आपण होऊन निघाली व तिने परवानगी मागितली. बवाजाने तिला हाकलून तर दिले नाहीच, उलट आपल्या गड्यांस तिला त्रास न देण्याविषयी बजाविले. मागण्यात हीनपणा नाही. एका फाटकावर नकार मिळाला तर तो त्या दिवसाचा नकार होय. तो तुमच्या योग्यतेवरचा निकाल नव्हे.

चौथी धोंड ठकाची. नोकरी लावून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवा. खरा धनी मजुरी देतो, तो मजुराकडून पैसे घेत नाही. आपल्या मुलीस दूर गावी कामास पाठविण्यापूर्वी मालकाचे नाव, ठिकाण, मजुरी व राहण्याची सोय ह्यांची स्वतः जाऊन चौकशी करा.

आता मंडळीविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. बेकार तरुणास धीर धर, प्रार्थना कर, एवढे सांगून आपण घरी गेलो तर आपले कर्तव्य पुरे झाले नाही. दाखल्यातील धनी आपल्या मळ्यात बसून राहिला नाही. तो एका दिवसात पाच वेळा बाहेर गेला. आपणही बाहेर जावे. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतील शिकलेल्या भावाने किंवा बहिणीने एक तास बसावे व अर्ज लिहून द्यावे, नावातील चुका दाखवाव्या, भरतीच्या जाहिराती वाचून दाखवाव्या. जो कारखान्यात आधीच लागला आहे त्याने जागा निघताच आपल्या पाड्यावर कळवावे. जी मंडळी हे करील, तिच्या प्रार्थनेस हातपाय फुटले असे समजावे.

आणि ज्यास अद्याप काम मिळाले नाही, त्यास आमचे इतकेच सांगणे आहे. बाजार सोडून जाऊ नका. त्या दिवशी शेवटचे मजूर कंटाळून दुपारीच ताडीच्या गुत्त्याकडे वळले असते, तर धनी आला तेव्हा ते त्याला भेटलेच नसते. धन्याने त्यांस एका तासाची मजुरी मोजून दिली नाही, पुऱ्या दिवसाची दिली. कारण उशिरा लावलेल्या माणसाच्या घरीही पोरे सकाळपासूनच भुकेली असतात. ज्या देवास हे ठाऊक आहे, त्यास तुमचे सबंध दिवसाचे उभे राहणेही ठाऊक आहे. तो तुम्हांस धीर देवो, आणि तुम्हांस बोलाविण्यासाठी घराबाहेर निघण्याची बुद्धी आम्हां सर्वांस देवो. आमेन.