भाड्याच्या घरातला नाताळ

डिसेंबरच्या मध्यावर बिऱ्हाड हलवणं ख्रिस्ती कुटुंबाला फार अडचणीचं जातं. खोकी बांधलेलीच, गॅसची जोडणी व्हायची आहे, आणि नाताळ दारात. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून वाटीत नाचणी किंवा गहू आधीच पेरायचे असतात, तेही राहून जातं. भिंतीला खिळा मारायची बंदी, म्हणून तारा खिडकीच्या ग्रिलला सुतळीनं बांधायचा आणि वायर फटीतून आत घेऊन चिकटपट्टी लावायची, तीही रंगाचा पोपडा निघणार नाही अशा बेतानं. यंदाचा सण कसाबसा उरकू, स्वतःचं घर झालं की मनासारखा करू, असं मग घरोघरी ठरतं. वास्तुशांत मालकानं करायची, भाडेकरूनं फार तर दूध उतू घालावं, या आपल्या रिवाजाशी हे जुळणारंच आहे. व्यवहारात ते चालेल. धर्माच्या अंगानं पाहिलं तर मात्र हा विचार उलटा आहे, कारण नाताळाला मालकीचं घर कधी लागलंच नाही.

लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ नाव नोंदवायला नाझरेथहून बेथलेहेमला जातात. गाव पूर्वजांचं, पण उतरायला जागा नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवतात. मत्तयच्या वृत्तान्तात हेच कुटुंब हेरोदाच्या भीतीनं इजिप्तला पळून परक्या देशात दिवस काढतं. लूकचंच दुसरं पुस्तक ‘प्रेषितांची कृत्ये’. ते रोममध्ये संपतं: पौल पहाऱ्यात आहे, भाड्याच्या जागेत स्वतःच्या खर्चानं दोन वर्षं राहतो आणि येईल त्याचं स्वागत करतो. येशूचा जन्म उसन्या गव्हाणीत आणि त्याच्या वार्तेचा शेवटचा मुक्काम भाड्याच्या घरात, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. शिपायाच्या नजरेखाली राहणारा भाडेकरूसुद्धा यजमान होऊ शकतो, हे लूकनं दाखवून ठेवलं आहे. आपण मांडतो त्या गोठ्याची परंपराही हेच सांगते. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी असिसीच्या फ्रान्सिसच्या संघाची नियमावली मंजूर केली. बंधूंनी घर, जागा किंवा कसलीही वस्तू आपल्या मालकीची करू नये, असं तिच्यात कलम आहे. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ग्रेच्चो इथं फ्रान्सिसनं एका स्थानिक सरदाराकरवी गवत, बैल आणि गाढव जमवून नाताळच्या रात्री गोठा उभा केला. घर नावावर करू नका म्हणणारा आणि गोठा मांडणारा माणूस एकच, वर्षही एकच.

अभ्यासू वाचक इथं अडवेल. दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक लूकमध्ये नाहीच, तो पुढच्या नाटकांनी घुसवला. मत्तयमध्ये तर पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतात तेव्हा मरिया आणि बाळ घरात आहेत. मान्य. पण कोणी हाकललं की नाही, यावर माझं म्हणणं अवलंबून नाही. कुणी तरी दाटीवाटीत जागा करून दिली असं धरलं, तरी जागा दुसऱ्याचीच राहते. याहून वजनदार आक्षेप मुळांचा आहे. गोव्यातल्या वडिलोपार्जित घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची वेदी असते. अकरा महिन्यांच्या करारात तशी स्मृती कुठून आणायची? खरी उणीव आहे ही, नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पहिली जवळजवळ तीन शतकं ख्रिस्ती मंडळी बहुतांशी कुणाच्या ना कुणाच्या राहत्या घरातच जमत असत. सीरियात दुरा-युरोपस इथं सापडलेलं तिसऱ्या शतकातलं प्रार्थनास्थळ म्हणजे फेरफार केलेलं साधं घर. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त बिऱ्हाडं एकामागून एक बदलतात, पण परक्या पोरांना त्या संसारात जागा मिळतेच.

एक सोपं उत्तर मात्र मला नको आहे. देह भाड्याचा, जगही भाड्याचं, मग चार भिंतींचा मोह कशाला, हे कीर्तनातही ऐकू येतं आणि चर्चमधल्या उपदेशातही. कानाला बरं वाटतं, पण ते नाताळाच्या विरुद्ध जातं. देव देह धारण करून इथं राहायला आला असं मानणाऱ्यानं इथलं राहणं तात्पुरतं म्हणून कसं झटकावं? यिर्मयानं बाबेलमधल्या हद्दपार लोकांना पत्र लिहिलं ते नेमकं याविरुद्ध: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परतीला सत्तर वर्षं होती. तेव्हा करार किती महिन्यांचा हे न मोजता खोकी सोडावीत, पडदे लावावेत आणि वरच्या मजल्यावरच्या अनोळखी शेजाऱ्यांकडे नेवऱ्यांचं ताट पाठवावं.

उरतो सर्वांत रोकडा आक्षेप: भाडेकरूला अध्यात्म शिकवणं मालकाच्या सोयीचं असतं. लीव्ह अँड लायसन्सच्या करारानं जागा वापरायची नुसती परवानगी मिळते, मुदत संपली की पुन्हा टेम्पो बोलवा. त्यात आडनावावरून, धर्मावरून, ताटातल्या मासळीवरून दारं बंद होतात. या अन्यायावर गव्हाणीची कथा पांघरणं हे पापच. पण शास्त्राचा रोख कुणाकडे आहे ते पाहा. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव बजावतो की जमीन माझी आहे, ती कायमची विकायची नाही, तुम्ही माझ्या जमिनीवर उपऱ्यासारखे, कुळासारखे आहात. पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावी. हे ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना सांगितलेलं आहे. भाडेकरूला आपली पायरी कुणी सांगावी लागत नाही, दर महिन्याला ती कळते; विसर पडतो तो मालकाला. म्हणून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचं नाव आहे आणि ज्यांच्या हॉलमध्ये यंदा गोठा मांडला जाणार आहे, त्यांना एवढीच विनंती: ब्रोकरला अटी सांगताना धर्म, जात आणि आहार हे तीन रकाने कोरे ठेवा.