दिव्यावरील नाव

एन्नोरच्या बाजारात परवा एक पितळी समई घेतली. वडिलांच्या स्मरणार्थ ती आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवास द्यावयाची होती. दुकानदाराने नाव घालण्याचे यंत्र हाती घेऊन विचारले, "पेर्?" म्हणजे नाव. भांड्यावर नाव घालण्याची चाल आपल्याकडे आहे, तशीच तमिळ मुलखातही आहे. प्रश्न साधा, पण माझी जीभ अडखळली. देवापुढील दिव्यावर देणाऱ्याने आपल्या घराचे नाव घालावे काय?

हा प्रश्न जुना आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत इजिप्त व सीरियातील मामलूक सुलतानांनी व अमिरांनी मशिदींसाठी काचेचे दिवे करविले. रंगीत काचेची पूड लेपून व सोन्याने नक्षी काढून कारागीर ते पुन्हा भट्टीत घालीत. मानेभोवती बहुधा कुराणाच्या चोविसाव्या सुरेतील, ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यातील दिव्याची उपमा देणारे वचन असे. पोटावर दात्याचे नाव व पदव्या. नवल असे, की पुष्कळ दिव्यांत वचनाची अक्षरे निळ्या मिन्याने भरलेली, तर नावाची अक्षरे निळ्या जमिनीत कोरी सोडलेली असत. आत ज्योत लागली की वचन काळसर दिसे, आणि उजळे ते दात्याचे नाव!

याला दंभ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अमीर कौसूनचा दिवा पाहा. तो सुलतान अन-नासिर मुहम्मदाचा साकी. त्या पदाचे चिन्ह, म्हणजे पेला, त्याच्या दिव्यावर आहे. १३४२ मध्ये त्याची सत्ता गेली, आणि कैदेत प्राणही गेला. दिवा मात्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नाव दात्याचे खरे. पण ते उजळावयाचे तर कोणा अनाम माणसाने रोज तेल घालावयास हवे होते. ज्याने काच फुंकली, त्याचे नाव तर अशा दिव्यांवर क्वचितच आढळते. आपणां कारकुनांना हे नवे नाही: मसुदा आपला, सही साहेबांची.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे. तेही नावच, पण ते येणाऱ्याच्या पायांखाली आहे. तेव्हा नाव घालण्यात दोष नसावा. असलाच तर तो जागेत असावा. जेथे दिव्याआधी नाव डोळ्यांत भरते, तेथे दान संपून उपकार सुरू होतो.

मी समई उलटी करून बैठकीच्या तळाशी वडिलांचे नाव घालावयास सांगितले. घरी पत्नी म्हणाली, "अहो, लपविण्यातही मिरवणे असतेच की!" तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. एवढेच वाटले, की तळाचे नाव समई घासणाऱ्याच्याच दृष्टीस पडेल. वडील गावच्या देवळात रोज तिन्हीसांजेला तेल घालीत. त्यांची ओळख राहावयाची तर ती अशाच हातांपाशी राहावी.