चंद्रकोर आणि महास्फोट

'चंद्राचं गणित सेकंदापर्यंत मांडता येतं, तरी मुसलमान मंडळी उद्या ईद आहे का हे ठरवायला गच्चीवर चढतात,' असा टोमणा एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी एका अंकात मारला होता. स्नेही दादरचे; घरचे सगळे सण छापील दिनदर्शिका बघून करतात. त्यांच्याच नात्यात एक घर टिळक पंचांग मानणारं आहे. तिथे एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो. तेव्हा विज्ञान नेमकं कोणत्या घरी मुक्कामाला असतं, हे त्यांनी लिहिलेलं नाही.

टोमण्यातलं अर्धं खरं आहे. अमावास्येचा क्षण अचूक काढता येतो. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. पण हदीसनुसार रोजे सुरू करायचे आणि सोडायचे ते चंद्र दिसल्यावर, आणि दिसण्याचं गणित निराळं. सूर्य-चंद्रातलं कोनीय अंतर सुमारे ७ अंशांपेक्षा कमी असेल तर कोर बनतच नाही, असं फ्रेंच खगोलज्ञ दांजाँ यांनी गेल्या शतकात मांडलं. शिवाय चंद्राची क्षितिजावरची उंची आणि हवेतला धूरकटपणा. रमजान पावसाळ्यात आला तर मुंबईवर ढगच ढग. मग जुमा मशिदीत बाहेरगावच्या साक्षी येतात, त्या पारखल्या जातात आणि निर्णय जाहीर होतो. अल-ख्वारिझ्मी आणि अल-बत्तानी या गणितींनी कोरीच्या दर्शनावर हजार वर्षांपूर्वी डोकं खपवलं होतं.

जुमा मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर भेंडी बाजार. बोहरी समाज गणिती पंचांग पाळतो: ३० वर्षांच्या चक्रात ११ लीप वर्षं. त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी. एकाच धर्माची दोन उत्तरं शेजारीशेजारी नांदतात. गणित मानावं की डोळा, हा वाद आकाशाचा कमी आणि अधिकाराचा जास्त, हे दोन्हीकडच्या जाणत्यांना ठाऊक असतं. गच्चीवरच्या मौलवींची बाजू घ्यायचा माझा मुळीच विचार नव्हता, पण लिहिता लिहिता ती पटू लागली आहे. ते निदान आकाशाकडे बघतात!

माझं खरं भांडण डोंगरीतून जगभर गेलेल्या व्याख्यानांशी आहे. धर्मप्रचारक झाकीर नाईक यांच्या संस्थेवर २०१६ मध्ये बंदी आली, व्याख्यानं मात्र अजून फिरत आहेत. त्यांतला दावा असा: आकाश-पृथ्वी जोडलेली होती आणि आम्ही ती विलग केली, असा आशय असलेली कुराणातली आयत (२१:३०) म्हणजे महास्फोट. ५१:४७ म्हणजे विश्वाचं प्रसरण. ही वाट फ्रेंच डॉक्टर मोरिस बुकाय यांनी १९७६ च्या पुस्तकात रुंद केली. आता एवढंच सांगा: १९२९ मध्ये हबलने दीर्घिका दूर जाताना दाखवल्या, त्याआधी या आयती वाचून कोणी दुर्बीण तिकडे वळवली का? उत्तर फुटल्यावर पेपर सोडवायचा आणि पहिला नंबर मागायचा, असा हा प्रकार.

आणि सिद्धान्त बदलला तर? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७२ पासून बसून जयंत नारळीकर महास्फोटालाच प्रश्न विचारत होते. त्याआधीच खगोलज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी स्थिर स्थितीच्या विश्वाची बाजू लढवली होती. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी सापडल्या आणि पारडं विरुद्ध बाजूला झुकलं. तरी १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह ते सुधारित मांडणी घेऊन पुन्हा उभे राहिले. बहुसंख्य खगोलज्ञांना ती पटली नाही. पण समजा पटली असती, तर आयत खोटी ठरली असती? छे! दुसरी सापडली असती. कधीच हरू न शकणारा दावा जिंकतही नाही, आणि यात अपमान विज्ञानाचा होतो तेवढाच ग्रंथाचा. सातव्या शतकातल्या माणसाला चंद्रसूर्याकडे बघून नतमस्तक व्हायला सांगणारी वाणी भौतिकशास्त्राची गाइड होऊन बसते.

याच कसोटीवर टिळकांचं 'ओरायन' (१८९३) मला वरचढ वाटतं. वेदांतल्या नक्षत्रांच्या उल्लेखांवरून त्यांनी काळ काढला. निष्कर्ष आज फारसे कोणी मानत नाही. पण मांडणी अशी की आकडे तपासून ती चूक म्हणता येते. वेदांत विमानं आणि अणुबॉम्ब शोधणारे त्यांचे आजचे भक्त ती सोय ठेवत नाहीत. नाईक आणि ते एकाच शाळेचे विद्यार्थी. स्नेह्यांनी पुढचा टोमणा या शाळेवर मारावा.