घसरणीच्या पायऱ्या

कोसळणे आणि घसरणे यांत फरक आहे. कोसळण्याला एक कारण आणि एक क्षण पुरतो. घसरणीत मात्र माणूस प्रत्येक पायरीवर स्वतःला सावरायला काहीतरी करतो आणि त्या सावरण्यातूनच पुढची पायरी तयार होते. मराठीत याला ‘दुष्टचक्र’ म्हणतात, पण चक्र फिरून मूळ जागी येते. इथे प्रत्येक फेरीनंतर माणूस आधीपेक्षा खाली असतो. ‘पाय खोलात जाणे’ हा वाक्प्रचार अधिक नेमका आहे. खाडीच्या चिखलात एक पाय उपसायचा तर दुसऱ्यावर भार द्यावा लागतो, आणि मग तो रुततो. धर्मविचारापुढे यातून दोन प्रश्न उभे राहतात : या घसरणीचे मूळ माणसाच्या मनात असते की मनाबाहेर, आणि ती कोणत्या पायरीवर, कोणाला थांबवता येते?

भारतीय परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध उत्तर भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश अशी ती उतरंड आहे. तिची पहिली पायरी कृतीची नाही. मन एखाद्या गोष्टीशी नुसते घुटमळते, इतकेच घडलेले असते. शंकराचार्यांनी स्मृतिभ्रंशाचा अर्थ शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाचा विसर असा केला आहे. माणूस चुकतो आणि वर आपण चुकतो आहोत हे ओळखायचे साधनही गमावतो, म्हणून खालच्या पायऱ्यांवरून परतणे कठीण होते. तरीही गीता दार बंद करत नाही. नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असे सांगितले आहे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक या उतरंडीचे मराठीतले सर्वांत परिचित रूप. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणले ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. बुद्धिमान वकील सुधाकर न्यायालयातल्या अपमानाने दुखावतो, त्याची सनद काही काळ रद्द होते आणि ते दुःख विसरण्यासाठी व्यसनी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. नाटक दारूच्या दुष्परिणामांचे म्हणून ओळखले जाते, पण त्याची खरी ताकद मधल्या पायऱ्यांत आहे. सुधाकरचा स्वाभिमान हा गुण आहे. तोच पत्नी सिंधूला माहेरची मदत घेऊ देत नाही आणि घरातला एक मार्ग बुजतो. पुढे तो दारू सोडायचे ठरवून कामाच्या शोधात निघतो, तेव्हा पूर्वीच्या ओळखीचे लोक त्याला दारुडा म्हणूनच ओळखतात. या नकारांनंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. गीतेच्या उतरंडीत माणूस एकटा आहे. गडकऱ्यांनी तिच्या प्रत्येक पायरीवर आणखी कोणीतरी उभे केले आहे. शोकांतिका मात्र तरीही नायकाच्या दोषाचीच राहते, कारण पहिला प्याला त्याने स्वतः उचललेला असतो.

जिथे असा पहिला प्यालाच नसतो अशी घसरण आजच्या पालघर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. डहाणू आणि तलासरीच्या पट्ट्यात तिचे नाव होते ‘लग्नगडी’. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबण्याचे कबूल करी. लग्नानंतर बायकोही त्याच कामाला जुंपली जाई. दिवसभर सावकाराच्या शेतात राबणाऱ्याला स्वतःच्या पोटापुरते पिकवायला वेळ उरत नसे. मग पावसाळ्यात खावटी, म्हणजे धान्याचे कर्ज, घ्यावे लागे आणि ते मूळ कर्जात मिळवले जाई. हिशेब सावकाराच्या वहीत आणि कर्जदार निरक्षर, त्यामुळे कर्ज बापाकडून मुलाकडे उतरे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागाची पाहणी करवली, तिच्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच माणसांचे आहे.

या साखळीतली कोणती पायरी चुकीची होती? लग्न करणे हा विकार नव्हे, की भुकेच्या दिवसांत धान्य उसने घेणे ही आसक्ती नव्हे. हाताशी असलेल्या पर्यायांपैकी त्यातल्या त्यात शहाणा पर्याय माणूस दर वेळी निवडत होता आणि तरी खाली जात होता. अशा घसरणीला ‘अधःपतन’ म्हणणे अन्यायाचे आहे. पूर्वजन्मीचे भोग म्हणून तिची बोळवण करणे त्याहून वाईट, कारण त्या स्पष्टीकरणात वही दिसेनाशी होते.

बौद्ध विचारातली प्रतीत्यसमुत्पादाची मांडणी इथे अधिक उपयोगी पडते. अविद्येपासून जरामरणापर्यंतच्या बारा कड्यांची ही साखळी : एक असेल तर दुसरे उद्भवते. तीही मुळात तृष्णेची, म्हणजे मनाचीच साखळी आहे. पण तिचा भर दोषी शोधण्यापेक्षा कारण शोधण्यावर आहे, आणि ती उलटीही वाचायची असते : एक नसेल तर दुसरे उद्भवत नाही. हा विचार या जिल्ह्याला परका नाही. सोपारा हे प्राचीन बंदर याच जिल्ह्यात येते. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खननात उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. राजाने मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे त्या लेखात सांगितले आहे.

कर्जाच्या साखळीला दोन टोके असतात, आणि ती कुठल्याही टोकाकडून तुटू शकते. सतराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यांच्याकडे वडिलार्जित सावकारी होती. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ही कथा वैराग्याची म्हणून सांगितली जाते, पण ऋणकोंच्या बाजूने पाहिले तर ती तुटलेल्या साखळ्यांचीही आहे. सावकाराने सोडवण्याची वाट वारल्यांना अशी मिळाली नाही. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी एकत्रितपणे नाकारली. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. एकेकट्याने नकार दिला असता तर तो उपाशी राहिला असता. सर्वांनी मिळून दिल्यावर सावकाराची शेती अडली. वेठबिगार निर्मूलनाचा देशव्यापी कायदा त्यानंतर तीन दशकांनी, १९७६ साली झाला. वीटभट्ट्यांवर मात्र पावसाळ्यातली उचल, हंगामात आठवड्याची खर्ची आणि शेवटी मालकाचा हिशेब हा क्रम कातकरी कुटुंबांना अजूनही ओळखीचा आहे.

याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तिसऱ्या प्रकारची घसरण दिसते. सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले बंदर. मासळी कमी झाली की बोट लांब जाते. डिझेल आणि बर्फाचा खर्च वाढतो. तो भरून काढायला बारीक आसाची जाळी येते आणि पूर्ण न वाढलेले पापलेट तिच्यात अडकते. पुढच्या हंगामात मासळी आणखी कमी. बोईसरच्या पश्चिमेला, तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या पाम, कुंभवली या गावांच्या भोवती हाच आकार वेगळ्या रूपात दिसतो. सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला माल महाग पडतो, न करणाऱ्याला स्वस्त; बाजार दुसऱ्याला बक्षीस देतो, आणि पहिल्यालाही मग हात आखडता घ्यावासा वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले होते. हे सांडपाणी ज्यात मिसळते त्या पाण्यात मासेमारी करून जगणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले.

इथे ना सुधाकर आहे ना सावकार. दोष इतक्या हातांत वाटला गेला आहे की एकट्याचे मन जिंकून काही थांबत नाही; सर्वांना एकाच वेळी थांबावे लागते. राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी पापलेटसह ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. लहान मासळी सोडून देण्याचा त्या दिवसाचा तोटा मात्र बोटीवरच पडतो, आणि बोटीवर कर्ज असेल तर तिचा हप्ता मासळी मोठी होईपर्यंत थांबत नाही.