पेटी कोण उघडते?

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शाळेतच विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांची समिती, भित्तिपत्रिका, मुलांचे गट, मनातले लिहून टाकायला एक पेटी, आणि एकट्याने बोलावेसे वाटले तर समुपदेशन. काही शाळांत हे काम खास प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केले, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी.

कार्यक्रम तोच. पण कार्यकर्ते होते तिथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधले नैराश्य, दादागिरी, हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे काम होते तिथे तसा फरक दिसला नाही.

याचे खापर शिक्षकांवर फोडणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम पुरा करायचा, हजेऱ्या, निवडणुकीची कामे. यातून एका मुलाजवळ निवांत बसायला वेळ कुठला? पण मला आणखी एक कारण दिसते. जो गुण देतो आणि घरी निरोप धाडतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळे कसे करील?

अशा संशोधनासाठी नववीतल्या मुलीला ‘तुला कशाचा त्रास होतो?’ असे विचारायचे आणि तिचे उत्तर तक्त्यातला एक आकडा करून ठेवायचे, हे मला अप्रामाणिक वाटते. तिने वाटेवरच्या छेडछाडीबद्दल लिहिले, तर त्याचे पुढे काय केले, किंवा का करता आले नाही, हे तिला कळलेच पाहिजे. उपाय ठरवायला बसतील त्यांत तिच्यासारख्या मुलीही हव्यात. तरुणांना संशोधनात सहभागी करून घेणे म्हणतात ते इथून सुरू होते.

तिचे नाव फुटू नये, हे तर आलेच. मात्र जिवावर बेतेल असे काही तिने सांगितले, तर गुप्तता मोडावी लागते. ही अट तिला बोलण्याआधी माहीत असायला हवी. सगळे सांगून झाल्यावर ही अट कळली, तर ती पुन्हा कुणाजवळ बोलणार नाही.

महाराष्ट्रातही शाळांत तक्रारपेट्या बसवण्याचे शासनाचे आदेश आहेत. पुढच्या पालकसभेत गुणांच्या चौकशीबरोबर हेही विचारू या: पेटी कोण उघडते, किती दिवसांनी उघडते, आणि त्या वेळी मुलांपैकी कोणी तिथे असते का?