धोका घरात की माणसात?

मार्च २०२० मध्ये परदेशातून नागपुरात उतरलेली, पण अजून ठणठणीत असलेली माणसं ठेवायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला आणि प्रशासनाची नजर सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासाकडे गेली. हिवाळी अधिवेशनाचे दिवस संपले की तिथल्या खोल्यांना एरवी कोण विचारतं? लोकप्रतिनिधींच्या खाटांवर करोनाचे संशयित आले.

आजारी माणसाला वेगळं काढणं समजण्यासारखं आहे. निरोगी माणसाला केवळ शंकेवरून अडवून ठेवणं, ही कल्पना मात्र मुद्दाम रचावी लागली. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रोवनिकच्या बंदराने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना आधी महिनाभर बाहेर राहायला लावलं. धोका माणसासोबत येतो, हे त्यामागचं गृहीतक.

तेच गृहीतक १८९७च्या साथरोग कायद्याबरोबर आपल्याकडे सक्तीने राबवलं गेलं. पुण्यात प्लेगच्या साथीत सोजीर घरांत घुसले, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात नेऊ लागले. संताप इतका, की २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेगबंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. अपमानाची ही बाजू आपण शाळेत शिकतो. पण ज्या समजुतीवर ते कॅम्प उभे होते तीच कच्ची होती, याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही.

कारण गावकरी वेगळंच करत होते. उंदीर पडायला लागले की घराला कुलूप घालून अख्खं गाव माळावर, शेतात झोपड्या टाकून राही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांचा माग काढला, आणि गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जात नाही, हे पुढे पक्कं झालं. धोका घरात होता. सरकार माणसं वेगळी करत होतं आणि लोक घरं सोडत होते; शास्त्र लोकांच्या बाजूचं निघालं.

म्हणून लोकांचंच नेहमी बरोबर, असं मात्र नाही. करोना श्वासातून पसरणारा. इथे रागुसाचं गणित लागू होतं. एप्रिल २०२० मध्ये नागपूरच्या सतरंजीपुऱ्यातल्या एका मृत्यूनंतर आयुक्त तुकाराम मुंढेंच्या महापालिकेने तिथल्या हजाराहून अधिक माणसांना उचलून विलगीकरण केंद्रांत नेलं. कुरकुर झाली, वाद झाले. पण दाटीच्या वस्तीत, एका खोलीत पाच-सहा जण आणि सामाईक संडास असताना, संपर्कातल्या माणसाने वेगळं राहायचं म्हणजे नेमकं कुठे? दुसरीकडे, ज्यांच्याकडे जास्तीची खोली होती त्यांच्या हातावर शाईचा शिक्का मारून त्यांना घरीच राहायला सांगितलं जात होतं. रोग एकच, शंकाही तीच. कोणी सरकारी खाटेवर झोपायचं आणि कोणी आपल्या, हे बऱ्याच अंशी घराच्या चौरस फुटांवर ठरलं. साथरोग कायद्यात मात्र चौरस फुटांबद्दल अक्षर नाही. तो अजूनही १८९७चाच, २०२० मध्ये जुजबी दुरुस्ती झालेला.