बाटल्या गोळा करून डोळे बरे होत नसतात

काय गा, एवढ्या बाटल्या टेबलावर मांडल्यास आणि मलाच विचारतोस, "सर, यातली कोणती चांगली?" मी काय औषधाचं दुकान थाटलंय? दोन वर्षं डोळे चुरचुरताहेत, सकाळी पापण्या चिकटतात, संध्याकाळी वाळू गेल्यासारखं खुपतं. दुकानदाराला विचारलंस, तुझ्या राईस मिलमधल्या मुनीमाला विचारलंस, मोबाईललाही विचारलंस. नेत्रतज्ज्ञाकडे मात्र एकदाही गेला नाहीस. बस तिथे आणि ऐक.

"डोळ्यांतून पाणी वाहते, मग ते कोरडे कसे?" म्हणे. नववीत शिकवलं होतं, तेव्हा खिडकीबाहेर बघत बसला होतास. अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळाला धरून चिकट श्लेष्मा, त्यात-त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून पाझरतं. त्यांची तोंडं बुजली की पाणी झपाट्यानं उडून जातं, बुबुळ उघडं पडून झोंबतं, आणि डोळा घाबरून भसाभसा पाणी सोडतो. ते टिकत नाही, गालावर ओघळतं. धुरा फुटलेल्या बांधीत इटियाडोह धरणाचं पाणी कितीही सोडलं तरी रोवणी होते का? धानवाल्याच्या पोराला हे मी सांगायचं?

डोळ्याचा हा धुरा कसा बांधायचा तेही ऐक. स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं. चटका बसेल इतकं गरम नको. कापड निवतं, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचं. मग स्वच्छ बोटानं पापणी हलकेच कडेच्या दिशेनं दाबत न्यायची, वरची खाली, खालची वर. साचलेलं तेल सुटतं. पापण्यांच्या कडा पुसून घ्यायच्या. हे रोज, आठवडेच्या आठवडे. "करून पाहिलं सर, फरक नाही पडला." किती दिवस? दोन! दोन दिवसांत धान तरी उगवतो काय बाप्पा?

दिवसभर मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर हिशेब, रात्री अंथरुणात मोबाईलवर क्रिकेट. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पडद्यावर नजर खिळली की हा आकडा तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि जी लवते तीही अर्धीच मिटते. दर वीस मिनिटांनी नजर उचल, वीस फूट लांब बघ, वीस सेकंद बघ, आणि पापण्या पुऱ्या मिट. पडदा डोळ्यांच्या पातळीखाली ठेव, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो.

मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि तू कूलर तोंडासमोर लावून झोपतोस. वर म्हणतोस, कूलरची हवा तर ओली असते. असेल! पण झोत थेट डोळ्यांवर आला की अश्रू उडणारच. कूलरचं तोंड फिरव. आमगावच्या रस्त्यानं गाडी हाणतोस, ती हेल्मेटची काच वर करून. काहून? काच काय शोभेला दिली आहे? मिलमध्ये कोंढा उडतो, तिथेही चष्मा घालायचा.

आता या बाटल्या. ही लाली घालवणारी. रक्तवाहिन्या आवळून डोळा तासभर पांढरा दाखवते, सवय लागली की लाली दुपटीनं परत येते. ही दुसरी अश्रूंसारखे थेंब, त्यांना माझी ना नाही. पण ते टिकवण्यासाठी घातलेलं रसायन वारंवार डोळ्यात जातं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर त्या रसायनाविना मिळणारे थेंब डॉक्टरांकडून लिहून घे. आणि एकच बाटली तू आणि आई दोघं वापरता? लाज वाटू दे. डोळ्याचा संसर्ग असाच घरभर फिरतो.

ही तिसरी वाच. मोठ्यानं वाच. डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे. टाकलं की तासात बरं वाटतं, म्हणून तुला आवडलं. महिनोन् महिने मनानं टाकलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर पिकतो. कापणीत धानाचं पातं डोळ्याला लागलं आणि बुरशीची जखम झाली, त्यात हे टाकलं, तर बुरशीला रान मोकळं. मग डोळ्यात फूल पडतं आणि नजर जाते. धानपट्ट्यात राहून हे माहीत नसावं?

आईचंही सांगतोस, तिचं तोंड सुकतं, भाकरी पाण्याशिवाय गिळवत नाही, सांधे दुखतात. आणि तू तिला थेंब देऊन मोकळा! डोळे, तोंड, सांधे एकत्र कोरडे-दुखरे झाले की सोग्रेन नावाच्या आजाराची शंका घ्यावी लागते. १९३३ साली एका स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्याला रक्ताची तपासणी लागते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, तिच्या साऱ्या गोळ्यांची यादी घे.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डोळे दाखवायला नागपूर गाठायचं कारण सांगू नकोस. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात, डोळ्याचा दाब मोजतात. हा त्रास मुळासकट जाईल असं वचन कोणी देणार नाही, पण नेमानं वागलास तर आटोक्यात राहील. स्टेरॉइड किती महिने टाकलंस ते डॉक्टरांना खरं सांग, तिथे थापा मारू नकोस. आणि आईला सोबत ने. एकटा गेलास तर मला तोंड दाखवू नकोस.